नागपुरात हॉट अँड कोल्ड एसी घ्यावा का? दोन वर्षं वापरून लिहितेय

"नागपूरला गरम करणारा एसी कशाला पाहिजे?" असं दुकानदारापासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून आधी तेच सांगते. आमचं घर टॉप फ्लोअरला, डोक्यावर डायरेक्ट स्लॅब, आणि सासूबाईंची खोली नेमकी पश्चिमेला. मे महिन्यात रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर चटका बसतो आणि तीच खोली डिसेंबर-जानेवारीत पहाटे अशी गारठते की पाय खाली ठेववत नाही. बाहेरच्या लोकांना नागपूर म्हटलं की फक्त ऊन दिसतं, पण २३ मे २०१३ ला ४७.९ बघितलेल्या या गावानेच २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ पण बघितलंय. आमच्या सासूबाईंना (मी आईच म्हणते) संधिवात, वय ७६, थंडीचे ते दीड-दोन महिने म्हणजे त्यांचे सगळ्यात वाईट दिवस.

आधी आमच्याकडे तो लाल कॉइलवाला रूम हीटर होता, २००० वॅटचा. एका रात्री आईंची शाल त्याच्यावर सरकली आणि काठ जळाला. वास आला म्हणून मी उठले, नाहीतर काय झालं असतं विचारूच नका. दुसऱ्या दिवशी हीटर माळ्यावर गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही दीड टनचा हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर स्प्लिट घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे जे रडगाणं आहे ते मशीनचं कमी आणि फिटिंगचं जास्त आहे, उगाच कोणाला बोल नको.

आता दुकानातली गंमत. सेल्समन म्हणे, "मॅडम, टॉप फ्लोअर आहे नं, दोन टनच घ्या, डोळे मिटून." खोली बारा बाय अकराची! इतक्या खोलीला खालच्या मजल्यावर एक टन भरपूर झाला असता, पण स्लॅब आणि पश्चिमेची भिंत धरून आम्ही दीडवर थांबलो आणि ते बरोबर निघालं. मला स्वतःला एक गोष्ट तिथेच कळली, की टन हा आकडा फार ढोबळ असतो. एक टन म्हणजे एका दिवसात एक टन बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढी काढून टाकायची ताकद, साधारण साडेतीन किलोवॅट. त्या हिशोबाने दीड टन म्हणजे ५२७५ वॅट व्हायला पाहिजेत, पण दुकानात "दीड टन" लिहिलेली मॉडेल्स बघत गेले तर कोणाच्या लेबलवर ४८००, कोणाच्या ५०००. म्हणून टन सोडा, वॅट बघा, लेबलवर लिहिलेलेच असतात.

आणि त्याहून महत्त्वाचं, निदान आपल्या विदर्भवाल्यांसाठी. लेबलवरचा कूलिंगचा आकडा बाहेर ३५ डिग्री असताना मोजलेला असतो. पस्तीस! पस्तीस आपल्याकडे मार्चमध्येच होतं आणि आपण त्याला "अजून काही तापलं नाही" म्हणतो. बाहेर जसजसं तापतं तसतशी मशीनची ताकद कमी होते आणि वीज जास्त ओढते, हे प्रत्येकच एसीचं आहे. म्हणून माहितीपत्रकात ४३ किंवा ४६ ला कूलिंग किती राहतं ते लिहिलंय का बघायचं, काही कंपन्या देतात. "५२ डिग्रीपर्यंत चालतो" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच की तो तोपर्यंत बंद पडणार नाही, पूर्ण गार करेल असा नाही. सेल्समनला हे विचारलं तर तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं मी त्याच्या दुकानात सीताफळ मागितलं.

स्टारचं पण तसंच. पाच स्टार बघून आम्ही खूश, पण ते स्टार फक्त थंड करण्याचे असतात, वर्षाला १६०० तास एसी चालेल असं धरून. गरम करताना तो किती वीज खातो याचा त्या स्टारशी काही संबंध नाही, हीटिंगचे वॅट वेगळे छापलेले असतात ते शोधावे लागतात. आमच्या मशीनची किंमत फक्त थंडवाल्यापेक्षा सहा हजारांनी जास्त पडली. तेव्हा जीएसटी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय, म्हणजे आता घेणाऱ्यांची चांदी. आमचं नशीब!

गरम कसा करतो हे मला आधी कळतच नव्हतं, मला वाटायचं आत कुठेतरी हीटरसारखी कॉइल असेल. तसं नाहीये. थंड करताना तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो, आणि गरम करताना एक व्हॉल्व्ह फिरतो आणि सगळा कारभार उलटा होतो, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. बाहेर दहा डिग्री असली तरी त्या हवेत उष्णता असतेच की. म्हणून एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता मिळते. जुना हीटर तासाला सरळ दोन युनिट खायचा. एसी मी दोन-तीन रात्री मीटरला डोळा लावून बघितला, रात्री दहा ते सकाळी सहा, २३ वर ठेवून, चार युनिटच्या आसपास. पहिला अर्धा तास तो जोरात ओढतो, मग हळूहळू पुटपुटत चालतो.

पहिल्या थंडीत मात्र आम्ही दोनदा उगाच घाबरलो. एकतर हीट मोडला लावला की दोन-तीन मिनिटं हवाच येत नाही, पंखा बंद, नुसता दिवा. नवरा म्हणे बिघडला, पहिल्याच दिवशी! तर तो आतली कॉइल गरम व्हायची वाट बघतो, नाहीतर थंड हवा अंगावर येईल ना. दुसरं म्हणजे जानेवारीत एका धुकट पहाटे मशीन मध्येच थांबलं, आत "भस्स" असा आवाज, आणि गच्चीवर आउटडोअरमधून वाफ निघायला लागली. शेजारचे काका नेमके फिरायला गच्चीवर आलेले, ते धावत आले, "अरे बाप्पा, तुमचा एसी जळून राहिला!" जळत-बिळत काही नव्हता. दमट थंडीत बाहेरच्या कॉइलवर पांढरं हिव धरतं, ते वितळवायला मशीन काही मिनिटं स्वतःच उलटं फिरतं, त्याचीच ती वाफ. नागपुरात हे क्वचितच होतं पण आधी माहीत असलं की बीपी वाढत नाही.

गरम हवा वर जाते म्हणून हीट मोडला आतल्या युनिटची हवा सोडणारी झडप खाली करून ठेवायची, हे पण लक्षात राहत नाही. आम्ही आठवडाभर कूलिंगसारखी समोर ठेवली होती आणि छत मस्त गरम, आईंचे पाय गारच. आणि हवा कोरडी होते, घसा सुकतो, खोलीत पाण्याचं भांडं ठेवतो आम्ही.

आता फिटिंग. दिवाळी आटोपलेली, लग्नसराई, फिटिंगवाले दोन पोरं संध्याकाळी सात वाजता आले, त्यांना त्याच रात्री अजून तीन घरं करायची होती. भिंतीला होल पाडलं, ब्रॅकेट ठोकलं, तांब्याचे पाईप जोडले. किटमध्ये तीन मीटर पाईप येतो, आमचं आउटडोअर गच्चीवर असल्यामुळे वरच्या पाईपचे पैसे वेगळे, ते ठीक, सगळीकडेच घेतात. मी विचारलं, "दादा, व्हॅक्यूम पंप नाही का लावणार?" (हे मी वाचून ठेवलं होतं.) तर म्हणे, "त्याची काही गरज नाही राहत मॅडम, गॅसनंच हवा काढून टाकतो." आणि व्हॉल्व्ह किंचित उघडून फुस्स करून हवा काढली, नट आवळले, दहा मिनिटांत मशीन चालू, थंड हवा आली, फोटो काढला, सही घेतली, गेले. मी पण सही केली. तिथेच चुकलं.

त्या फुस्सने पाईपातली हवा आणि ओलावा पूर्ण निघत नाही, आणि शिवाय जोड गळतोय का हे कोणी तपासलंच नाही. डिसेंबर-जानेवारी बरा गेला. एप्रिल २०२४ ला खरा उन्हाळा लागला आणि खोली २७ च्या खाली जाईना. हेल्पलाइनला फोन केला तर तिसऱ्या दिवशी एक जण आला, गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर) न लावताच म्हणे, "गॅस कमी झाला, वर्षभरात होतोच कमी, टॉप-अप करून देतो, २८०० रुपये." अहो, गॅस काही स्कूटरमधलं पेट्रोल आहे का संपायला? बंद पाईपात फिरत असतो तो, पंधरा वर्षं तेवढाच राहायला पाहिजे. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. गळती शोधा म्हटलं तर म्हणे ते वॉरंटीत येत नाही, कारण गळती मशीनची नाही, फिटिंगची. दहा वर्षांची वॉरंटी कंप्रेसरची असते हो, बाकीच्या भानगडी आपल्याच. बिल-वॉरंटीचा कागद नीट वाचून ठेवा.

मग मानकापूरचा एक मेकॅनिक मिळाला, साठीच्या आसपासचे काका, स्वतःची छोटीशी पेटी आणि एक वजनकाटा घेऊन आले. गच्चीवर गेले, एसी चालू करायला सांगितला आणि मला म्हणाले, "बेटा, इकडे बघ." दोन पाईपांपैकी बारीक पाईपाच्या व्हॉल्व्हवर पांढरा बर्फ. बाहेर ४२ आणि त्या बोटभर पितळेवर बर्फ! "गॅस कमी असला की हा असा गोठते," म्हणाले. मग वाटीत भांड्याचा साबण फेसवून ब्रशने प्रत्येक नटवर लावला. तीन नट गप्प. चौथ्यावर, इनडोअरच्या मागच्या, एक बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला, परत फुगला. मी पाच मिनिटं त्या बुडबुड्याकडेच बघत होते. इतके दिवस मी ज्याच्यावर चिडचिड केली तो हा एवढासा. नट जास्त आवळल्यामुळे पाईपाचं पसरवलेलं तोंड चिरलं होतं.

काकांनी तेवढा तुकडा कापला, पाईपाचं तोंड नव्याने पसरवलं (याला फ्लेअर म्हणतात), गळती तपासायला नायट्रोजन भरून तास दीड तास प्रेशर बघितलं, मग व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालवला, बंद करून गेजचा काटा सरकतो का बघितलं, आणि मग गॅस वजन करून भरला, आउटडोअरच्या पट्टीवर जेवढे ग्रॅम लिहिले होते तेवढेच. आर-३२ गॅस आहे, तो थोडाफार पेट घेणारा असतो त्यामुळे त्यांनी सोबतच्या पोराला विडी पण पेटवू दिली नाही. सगळे मिळून ३५०० घेतले आणि दुपारचा चहा. तेव्हापासून आजपर्यंत गॅसला हात लावलेला नाही. त्यामुळे माझं मत विचाराल तर कंपनी कुठलीही घ्या, फिटरला आधीच विचारा की पंप आणणार का, आणि नाही म्हणाला तर त्या दिवशी फिटिंग करूच देऊ नका, भले मशीन चार दिवस हॉलमध्ये खोक्यात पडून राहो.

आता सगळ्यात मोठा गोंधळ, जो मशीनचा नव्हताच. मे २०२४, दुपारचे तीन, मी ऑफिसला. आईंचा फोन, "काऊन गं, हा एसी लावला तर अजूनच गरम होऊन राहिलं." मी म्हटलं आई, दारं-खिडक्या बंद आहेत ना, फिल्टर असेल, बघते संध्याकाळी. घरी आले तर खोली म्हणजे भट्टी, आणि आई दारात खुर्ची टाकून पदराने वारा घेत बसलेल्या. रिमोट बघते तर स्क्रीनवर सूर्य, ३०. "अगं, उन्हाळा आहे म्हणून मी सूर्य लावला नं, आणि तो बर्फ थंडीचा." आता यात त्यांचं काय चुकलं सांगा? आपण कॅलेंडरवर उन्हाळ्याला सूर्यच काढतो की! रिमोटवर सूर्य म्हणजे गरम कर, बर्फाचं फूल म्हणजे थंड कर, थेंब म्हणजे ओलावा काढ, हे कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्याच महिन्यात ते ५६ डिग्रीचं प्रकरण झालं होतं, ३० मेला नागपुरात एका यंत्राने ५६ दाखवलं आणि सगळीकडे बोंबाबोंब, नंतर हवामान खात्याने सांगितलं सेन्सर बिघडला होता. आई म्हणे, "त्या यंत्राच्या मागे कोणीतरी सूर्य लावला असेल." तेव्हापासून मोडच्या बटणावर आम्ही त्यांचीच एक लाल टिकली चिकटवली आहे, टिकलीला हात लावायचा नाही. मोड वर्षातून दोनदाच बदलतो, होळीनंतर आणि दिवाळीनंतर, आणि तो मी बदलते.

घरात म्हातारं माणूस असेल तर घेताना रिमोट हातात घेऊन बघा, अक्षरं किती मोठी, मागचा लाइट लागतो का. वायफाय-बियफाय माझ्या आईंच्या काही कामाचं नाही, मला मात्र ऑफिसमधून मोड दिसला असता तर ती दुपार वाचली असती, हेही खरं.

मेंटेनन्सचं सांगायचं तर आपल्याकडे धूळ एवढी की पुस्तकात महिन्याने लिहिलं असलं तरी उन्हाळ्यात फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरावाच लागतो. दोन जाळ्या, पाच मिनिटांचं काम, सावलीत वाळवायच्या. हे केलं नाही तर मार्चमध्ये सर्व्हिसवाला येऊन फोम मारून, जेट पंपने धुऊन, काळं पाणी दाखवून पैसे घेतो आणि आपण आ वासून बघतो. वर्षातून एकदा मात्र ती वॉटर वॉश करायलाच पाहिजे, आतल्या ब्लोअरवर जी काळी बुरशी बसते ती आपल्याला निघत नाही. त्याच वेळी ड्रेन पाईपात फुंकर मारून घ्या. आमचा एकदा तुंबला होता आणि पाणी भिंतीवरून थेट आईंच्या पोथ्यांच्या कपाटावर.

गच्चीवरच्या आउटडोअरला आम्ही वर हिरवी जाळी बांधलीय, पण चार फूट उंच आणि समोरचा भाग पूर्ण मोकळा. आधी नवऱ्याने प्रेमाने तिन्ही बाजूंनी पत्रा लावला होता, सावली म्हणून! त्याची गरम हवा परत त्याच्याच तोंडात, बिचारा धापा टाकायचा. काढला पत्रा.

आणि पाल. २०२५ च्या पावसाळ्यात एक दिवस आउटडोअर गप्प, एरर कोड. कव्हर उघडलं तर पीसीबीवर (आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर) आडवी पडलेली पाल, शॉर्ट. सुदैवाने बोर्डाची पाच वर्षांची वॉरंटी होती, पण "कीटक-प्राण्यांमुळे झालेलं नुकसान" वॉरंटीत बसत नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं निघालं. नवीन बोर्ड फार महाग, शेवटी मानकापूरच्या काकांनीच एका दुरुस्तीवाल्याकडून तो बोर्ड निम्म्याहून कमी पैशात करून आणला. आता पाईप-वायर जिथून आत जातात तिथे बारीक जाळी लावलीय. ही गोष्ट कंपन्यांना भारतात राहून सुचत कशी नाही देव जाणे.

बिलाचं विचारतातच सगळे. महावितरणचे टप्पे १००, ३००, ५०० असे आहेत, आणि तीनशेच्या पुढे गेलं की दर अंगावर येतो. थंडीत आमचं तीनशेच्या आत राहतं. उन्हाळ्यात आम्ही चलाखी करतो. हॉलमधला कूलर आम्ही काढलेला नाही आणि काढणारही नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर जो गारवा देतो, आणि तो वास, ते कुठल्याही एसीच्या बापाला जमणार नाही, आणि विजेला म्हणाल तर दोन पंख्यांएवढी. दिवसा सगळे कूलरसमोर, रात्री आईंच्या खोलीत एसी २६ वर आणि सोबत पंखा. नवीन एसी चालू केला की २४ वरच उघडतो, २०२० पासून नियमच आहे तो, आणि खरं सांगायचं तर त्याच्या खाली जायची आम्हाला कधी गरज पडली नाही. जूनच्या मध्यात पाऊस सुरू झाला की मात्र कूलर फक्त चिकचिक देतो, तेव्हा एसी ड्राय मोडला.

तर पाचपैकी मशीनला साडेचार, फिटिंगला शून्य, हेल्पलाइनला एक (फोन उचलतात तरी). पुण्या-मुंबईत गरम मोडचे सहा हजार जास्तीचे मी दिले नसते, इथे दिले आणि दर जानेवारीत वसूल झाल्यासारखे वाटतात.

एक भानगड अजून बाकी आहे. हीट मोडमध्ये पाणी आतल्या नाही, बाहेरच्या युनिटमधून गळतं, हे फिटरने सांगितलं नव्हतं आणि गच्चीचा उतार नेमका खालच्या काकूंच्या गॅलरीकडे. गेल्या थंडीत त्यांनी तीनदा वाळत घातलेल्या साड्या भिजल्या म्हणून सांगितलं, तिसऱ्यांदा जरा जोरातच. आउटडोअरच्या खाली ट्रे लावून पाईप मागे वळवायचाय, मानकापूरच्या काकांना रविवारी बोलावलंय, दिवाळीच्या आत झालं म्हणजे बरं, कारण आईंनी आत्तापासूनच विचारायला सुरुवात केलीय की टिकली कधी काढायची.